तपसाधनेच्या दोन दिवसांत मौनाला जागा हवी

मा. संपादक यांस,
सविनय नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या पत्रव्यवहारात दोन आठवड्यांपूर्वी एका वाचकाने शनिवार-रविवारी भरणाऱ्या ख्रिस्ती आध्यात्मिक शिबिरांविषयी लिहिले होते. त्यांच्या शेजारच्या आजारी गृहस्थांना अशा एका मेळाव्याला नेण्यात आले, तिथे ध्वनिवर्धकावरून रोगमुक्तीच्या घोषणा झाल्या आणि घरी परतल्यावर त्या गृहस्थांनी औषधे घेण्याचे नाकारले, असा त्यांचा अनुभव होता. त्यावरून त्यांनी अशी सगळीच शिबिरे म्हणजे अंधश्रद्धेचा बाजार आहे, असा निष्कर्ष काढला आहे. त्यांची तळमळ खरी आहे. त्यांनी सांगितलेला प्रकारही मी खोटा म्हणणार नाही, कारण तसाच प्रकार मी रुग्णाच्या खाटेशेजारी उभी राहून पाहिला आहे. मी वसईतील एका कॅथलिक कुटुंबातली असून सव्वीस वर्षे परिचारिका म्हणून काम करते. यंदाच्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या दिवसांत, मी स्वतः अशाच दोन दिवसांच्या तपसाधनेला (रिट्रीटला) जाऊन आले. त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजूंवर काही सांगण्याचा मला थोडा अधिकार आहे, असे वाटते.

आधी रुग्णालयातील प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी पंचेचाळिशीच्या एका बाईंना त्यांच्या मुलाने अपघात विभागात आणले. त्यांना उलट्या होत होत्या, श्वास खोल आणि जलद चालला होता, शुद्ध हरपत चालली होती. रक्तातली साखर तपासली तेव्हा यंत्रावर आकडा न उमटता केवळ मर्यादेबाहेर असल्याची खूण आली. मुलाला विचारले तेव्हा कळले, की नऊ दिवसांपूर्वी त्या एका मोठ्या मांडवातील प्रार्थना-शिबिरातून परतल्या होत्या आणि त्या दिवसापासून त्यांनी इन्सुलिन घेतले नव्हते. त्यांना तसे कोणी स्पष्ट सांगितले नव्हते, हेही मी नमूद करते. व्यासपीठावर कोणीतरी आपली साखर प्रार्थनेने गेल्याची साक्ष दिली, हजारोंनी टाळ्या वाजवल्या आणि या बाईंना वाटले की आता इंजेक्शन घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे. त्या वाचल्या, पण तीन दिवस अतिदक्षता विभागात होत्या. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘सिस्टर, माझी श्रद्धा कमी पडली का हो?’’ तो प्रश्न मी अजून विसरलेले नाही. ज्या मेळाव्याने एका आजारी बाईच्या माथी आजाराबरोबर अपराधाचेही ओझे ठेवले, त्याला आध्यात्मिक नूतनीकरण म्हणायला माझे मन तयार होत नाही.

ही माझी एकटीची भूमिका नाही, चर्चची लेखी भूमिका आहे, आणि ती आमच्याच अनेक लोकांना ठाऊक नसते. रोगमुक्तीसाठीच्या प्रार्थनांविषयी व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने १४ सप्टेंबर २००० रोजी एक निर्देशपत्र काढले. त्यावर त्या वेळचे कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढे झालेले पोप बेनेडिक्ट सोळावे, यांची सही आहे. अशा सभांमध्ये उन्माद, कृत्रिमपणा, नाटकीपणा किंवा खळबळ माजवण्याचा प्रकार होता कामा नये, विशेषतः सभा चालवणाऱ्यांकडून तर मुळीच होता कामा नये, असे त्यात नियम म्हणून सांगितले आहे. प्रार्थना केल्याने उपचार वर्ज्य होत नाहीत, उलट प्रकृती राखण्याचे आणि परत मिळवण्याचे नैसर्गिक उपाय योजण्याला ती प्रोत्साहनच देते, हेही तिथे लिहिलेले आहे. आमच्या बायबलमधील सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय तर वैद्याचा मान राखा, त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असे सांगून सुरू होतो आणि पुढे म्हणतो की औषधे परमेश्वरानेच भूमीतून उपजवली, शहाण्या माणसाने ती तुच्छ लेखू नयेत. हा अध्याय प्रत्येक शिबिराच्या पहिल्या सत्रात मोठ्याने वाचला जावा, असे मला मनापासून वाटते.

आता दुसरी बाजू. तपसाधना या शब्दाचा आमच्याकडे मुळात जो अर्थ आहे तो मांडवाशी, गर्दीशी किंवा घोषणांशी निगडित नाही. या साधनेला शिस्तबद्ध रूप दिले ते लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी, आणि त्याची सुरुवात एका रुग्णाच्या खाटेवर झाली, ही गोष्ट परिचारिका म्हणून मला फार जवळची वाटते. २० मे १५२१ रोजी स्पेनमधील पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून या सुमारे तीस वर्षांच्या योद्ध्याचा पाय मोडला. हाड नीट बसले नाही म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले आणि वर आलेला भाग, भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात, करवतीने कापावा लागला. अंथरुणाला खिळलेल्या या माणसाला वाचायला शौर्यकथा हव्या होत्या, पण घरात होते ते येशूचे आणि संतांचे चरित्र. पडल्या पडल्या त्यांच्या लक्षात आले, की पराक्रमाची आणि दरबारी मानमरातबाची स्वप्ने पाहताना मजा येते, पण ती सरल्यावर मन कोरडे पडते. संतांच्या वाटेने जाण्याचा विचार केला, तर तो विचार संपल्यावरही आनंद टिकून राहतो. मनातल्या या दोन चवींतला फरक ओळखणे हाच त्यांच्या पुढच्या सगळ्या शिकवणीचा गाभा झाला. १५२२ पासून मानरेसा या गावी सुमारे दहा महिने एकांतात राहून त्यांनी जी टिपणे करायला सुरुवात केली, त्यांतून तीस दिवसांची साधना तयार झाली आणि १५४८ मध्ये पोप पॉल तिसरे यांनी तिला मान्यता दिली.

तीस दिवस कोणाला मिळणार? संसारी माणसाला नाही, आणि आम्हा पाळीने काम करणाऱ्यांना तर नाहीच. याचा विचार खुद्द इग्नेशियस यांनी करून ठेवला आहे. साधना देणाऱ्यासाठी त्यांनी सुरुवातीला ज्या वीस सूचना लिहिल्या, त्यांतली अठरावी सांगते, की साधना घेणाऱ्याचे वय, शिक्षण आणि कुवत पाहून तिला आकार द्यावा आणि पेलणार नाही असे कोणावर लादू नये. एकोणिसावी सूचना कामाच्या धबडग्यात अडकलेल्यांसाठी आहे. त्यांनी घरी राहूनच रोज दीड तास काढावा, असे ती सांगते. शुक्रवारी संध्याकाळी सुरू होऊन रविवारी दुपारी संपणारी आजची तपसाधना या उदारपणाचेच पुढचे रूप आहे. ती अपुरी आहे हे मी नाकारत नाही. पण ज्याला वर्षभरात हेच दोन दिवस मिळतात, त्याच्यासाठी ते दोन दिवस कसे घालवले जातात हा प्रश्न फार मोलाचा ठरतो.

मी गेले होते ते लोणावळ्याजवळच्या एका लहान साधनागृहात. आम्ही बावीसजण होतो: शिक्षिका, रिक्षाचालक, दोन बँक कर्मचारी, फुलशेती करणारे एक वयस्क जोडपे, कॉलेजातली काही मुले. शुक्रवारी रात्री जेवणानंतर मोबाइल कापडी पिशव्यांत घालून कपाटात ठेवले गेले. ते ठेवण्यापूर्वी मार्गदर्शक धर्मभगिनींनी प्रत्येकाला विचारले, की घरी कोणी आजारी आहे का, कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक घरी दिला आहे का, आणि रोजची औषधे सोबत आणली आहेत का. एका काकांनी रक्तदाबाच्या गोळ्या घरी विसरल्याचे सांगितले, तेव्हा साधनागृहातल्या एका मुलाला त्याच रात्री चिठ्ठी आणि गोळ्यांचे नाव देऊन बाजारात पाठवण्यात आले. माझ्या दृष्टीने तपसाधना तिथेच सुरू झाली.

त्यानंतर रविवारच्या जेवणापर्यंत मौन. शनिवारी दिवसभरात प्रार्थनेचे चार तास होते आणि प्रत्येक तासाआधी वीस मिनिटे भगिनी बायबलमधला एखादा उतारा समजावून सांगत. उरलेला वेळ आपला आणि देवाचा. भाकरी, पिठले, भात असे साधे जेवण. ताटे आपली आपण घासायची. मार्चचा महिना असल्याने डोंगर वाळलेले होते, आवारात पांगारा फुलला होता आणि त्यावर साळुंक्यांची इतकी गडबड चाले की मौन पाळणारे आपण एकटेच आहोत, असे वाटे.

पहिल्या तासाला मी झोपले. खुर्चीत बसल्या बसल्या मान खाली गेली ती घंटा वाजल्यावरच वर आली. दुपारी भगिनींशी अर्धा तास एकट्याने बोलायचे होते, तेव्हा मी हे शरमेने सांगितले. त्यांनी मला जुन्या करारातला राजांच्या पहिल्या ग्रंथाचा १९ वा अध्याय काढून दिला. एलिया संदेष्टा थकून, जगणे नको होऊन रानात एका झुडपाखाली झोपतो. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. त्याला उठवतो, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी देतो. एलिया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला सांगतो, कारण वाट लांबची आहे. त्यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर तो सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी पाहतो, पण परमेश्वर त्यांपैकी कशातही नसतो. मागाहून एक हलका, मंद स्वर येतो. हा उतारा मी लहानपणापासून मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी ऐकत आले होते. पण आधी झोप, आधी भाकर, हा क्रम माझ्या कधी लक्षात आला नव्हता. मी रुग्णांच्या बाबतीत रोज पाळते तो क्रम देवही पाळतो, हे मला त्या दुपारी उमगले.

त्याच दिवशी संध्याकाळच्या तासाला करोनाच्या काळातल्या आठवणी वर आल्या. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आमच्या कक्षात गेलेल्या माणसांच्या सामानाच्या पिशव्यांत त्यांचे मोबाइल वाजत राहत आणि ते उचलायला कोणी नसे. मी तेव्हा रडले नव्हते. काम संपवून घरी जात होते, आंघोळ करून वेगळ्या खोलीत झोपत होते आणि सकाळी पुन्हा जात होते. ते सगळे रडणे त्या साधनागृहाच्या प्रार्थनामंदिरात, मागच्या बाकावर, कोणाला आवाज न जाता झाले. नंतर मी धर्मगुरूंकडे पापनिवेदन केले. मन हलके झाले, आणि त्या हलकेपणातच मी भगिनींकडे जाऊन म्हणाले, की नोकरीचा राजीनामा देऊन मी उरलेले आयुष्य देवाच्या सेवेला वाहते, उद्याच्या मिस्साच्या वेळी तसे वचन देते.

त्यांनी मला वचन देऊ दिले नाही. आज मन भरून आले आहे, म्हणून आजच ठरवू नका, असे त्या शांतपणे म्हणाल्या. घरी जा, चार महिने काम करा, रोज रात्री दिवसाची उजळणी करा आणि मग पाहा, की हा विचार तसाच राहतो का. पुढे मला कळले की हा त्यांच्या मनाचा सल्ला नव्हता. इग्नेशियस यांच्या चौदाव्या सूचनेत नेमके हेच आहे: साधना घेणारा समाधानाच्या आणि उत्साहाच्या भरात असला, तर त्याने अविचाराने किंवा घाईने कसलेही वचन अथवा व्रत घेऊ नये म्हणून साधना देणाऱ्याने त्याला सावध करावे. पंधरावी सूचना त्याच्याही पुढे जाते. मार्गदर्शकाने साधकाला या बाजूला किंवा त्या बाजूला झुकवू नये, तराजूच्या काट्यासारखे मध्ये राहावे आणि निर्मात्याला त्याच्या लेकराशी थेट बोलू द्यावे, असे ती सांगते. आणि मन खचलेले, कोरडे असेल तेव्हाही आधी केलेला निश्चय बदलू नये, असा त्यांचा आणखी एक नियम आहे.

संपादक महोदय, या पत्रातील माझे मुख्य म्हणणे इथे आहे. आपल्या पत्रलेखकाला जे दिसले आणि मला जे मिळाले, त्यांतला फरक श्रद्धा आणि अंधश्रद्धा अशा दोन शब्दांत मावत नाही. फरक असा आहे, की एका ठिकाणी माणसाच्या भरून आलेल्या मनाचा तत्काळ उपयोग करून घेतला गेला: साक्ष द्या, हात वर करा, आजच ठरवा, आजच बरे व्हा. दुसऱ्या ठिकाणी त्याच मनाला सांभाळले गेले आणि थांबवले गेले. भावनेचा पूर येणे हे दोन्हीकडे घडते. त्यात वाईट काही नाही. पण हजारोंच्या मांडवात प्रत्येकाशी अर्धा तास बोलणारे कोणी नसते, आणि इन्सुलिन सोडण्याचा विचार मनात आलेल्या बाईला ‘‘थांबा, डॉक्टरांना विचारा’’ असे सांगायला कोणी उपलब्ध नसते. गर्दीचा दोष मला दिसतो तो हा.

भक्तीची दुसरी रूपे मला कमी लेखायची नाहीत. पवित्र आत्म्याच्या वरदानांवर आणि उत्स्फूर्त प्रार्थनेवर भर देणाऱ्या ज्या कॅरिस्मॅटिक नवचैतन्याच्या चळवळीतून आजचे अनेक मोठे मेळावे आले, त्या चळवळीचा कॅथलिक चर्चमधला आरंभही शनिवार-रविवारच्या एका साधनेतच झाला होता. फेब्रुवारी १९६७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातले मोजके विद्यार्थी आणि प्राध्यापक एका साधनागृहात एकत्र आले होते आणि येण्यापूर्वी त्यांनी ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचे पहिले चार अध्याय वाचून ठेवले होते. त्या चळवळीने माझ्या मावशीला प्रार्थना करायला आणि मोकळेपणी गायला शिकवले, आमच्या घरातले दारूचे व्यसन सुटायलाही तिच्याच प्रार्थना-गटाचा आधार मिळाला. पण त्या चळवळीचे मूळही लहान गट, तयारी आणि एक घर यांतच होते, हे आज मांडव उभारणाऱ्यांनी आठवावे.

मौनाच्या साधनेबाबतही एक तक्रार आहे, आणि ती आमच्याच चर्चविषयी आहे. जाण्यापूर्वी मी चार ठिकाणी चौकशी केली, त्यांपैकी तीन ठिकाणी साधना केवळ इंग्रजीत होती. मिस्सा आम्ही १९६०च्या दशकातील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मराठीत करू लागलो. गोव्यात राहिलेले इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी तिथल्या साष्टीतल्या नवख्रिस्ती लोकांसाठी मराठी ओवीत रचलेले पुराण १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून धरले तर आमच्या प्रार्थनेची मराठी चारशे वर्षांहून जुनी आहे. मग मनातले सर्वांत खोलवरचे बोलायची वेळ येते तिथेच मराठी माणसाने अडखळत इंग्रजी का बोलावे? परिणाम असा होतो, की इंग्रजी येणारे डोंगरावर मौनात जातात आणि ज्यांना येत नाही त्यांच्या वाट्याला मांडव येतो. पुढच्या खाटेवर कोण येणार, हे मग मला आधीच ठाऊक असते.

मौनाची साधना महाग असते, असेही एक कारण सांगितले जाते. डोंगरावरच्या निवासाचा खर्च असतो हे खरे. पण आमच्या धर्मग्रामांत, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरात, शाळा आहेत, सभागृहे आहेत, सुट्टीत त्यांचे वर्ग रिकामे असतात. वीस-पंचवीस माणसे, दोन प्रशिक्षित मार्गदर्शक, घरून आणलेली अंथरुणे आणि भगिनींच्या किंवा महिला मंडळाच्या स्वयंपाकघरातले जेवण एवढ्यावर शुक्रवार ते रविवार सहज निभावेल. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी हेच दोन दिवस मंगळवार-बुधवारीही घेता येतील. आमच्यासारख्यांचा रविवार अनेकदा मंगळवारी येतो. मार्गदर्शक पुरेसे नाहीत ही खरी अडचण आहे, आणि ती प्रशिक्षणानेच सुटेल. बायबलचे चांगले वक्ते आमच्याकडे पुष्कळ आहेत. दुसऱ्याचे ऐकून घेणारे आणि वेळेला ‘‘आज नको’’ म्हणणारे तयार करायला वेळ लागतो, म्हणून ती सुरुवात आता व्हावी. तोवर मोठे मेळावे घेणाऱ्यांनी निदान एवढे करावे: प्रवेशद्वारावर रोजची औषधे चालू ठेवण्याची सूचना मराठीत लावावी, रोगमुक्तीची साक्ष डॉक्टरांच्या तपासणीशिवाय व्यासपीठावरून देऊ नये आणि शेवटच्या सत्रात ती सूचना धर्मगुरूंनी स्वतः पुन्हा सांगावी.

भगिनींनी सांगितलेले चार महिने आता संपले आहेत. रोज रात्री पंधरा मिनिटे मी दिवसाची उजळणी करते: आधी आभार, मग प्रकाश मागणे, मग सकाळपासून घडलेले डोळ्यांपुढून जाऊ देणे, मग क्षमा आणि शेवटी उद्याचा विचार. राजीनाम्याचा विचार दुसऱ्याच महिन्यात मावळला. त्याच्या जागी राहिली आहे ती एक लहान गोष्ट. रुग्ण दगावल्यावर त्याच्या पिशवीतला मोबाइल वाजला, तर वरिष्ठांची परवानगी घेऊन मी नातेवाइकांना स्वतः फोन करते आणि डॉक्टर येईपर्यंत त्यांच्याजवळ थांबते. पूर्वी मी ते काम दुसऱ्याकडे सोपवत असे.

शेवटी आपल्या पत्रलेखकाला एक विनंती. आपल्या शेजाऱ्यांनी औषधे पुन्हा सुरू केली आहेत की नाही, हे आपल्या पत्रात नव्हते. केली नसतील, तर घरात उरलेल्या गोळ्या जुन्या मात्रेत एकदम सुरू करू नयेत. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या औषधांत मध्ये खंड पडल्यास मात्रा बदलावी लागू शकते, म्हणून त्यांना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. ते ऐकत नसतील आणि त्यांना एखाद्या ख्रिस्ती व्यक्तीने येऊन सिराखचा अध्याय वाचून दाखवावा असे वाटत असेल, तर आपण संपादकांमार्फत मला कळवावे. मंगळवारी माझी सुट्टी असते. मी येईन.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, वसई
(रुग्णांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)